इन्सुलिन सापडलं, आणि मग बनेचना: टोरांटो विद्यापीठ, १९२२

इन्सुलिनची गोष्ट बहुतेकांना एका ठरलेल्या साच्यात माहिती असते. बॅन्टिंग आणि बेस्ट, उन्हाळा, कुत्र्यांवरचे प्रयोग, मग मरणाच्या दारातला एक मुलगा, सुई, मुलगा वाचला, नोबेल, संपलं. मी हे प्रकरण लिहायला घेतलंय ते या गोष्टीतला जो भाग सगळीकडे दोन ओळींत उरकतात त्यासाठी. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन माणसावर चाललं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ते ज्याने शुद्ध केलं होतं त्याच माणसाला ते परत बनवता येईना. साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत ही टंचाई चालली. मार्चमध्ये पेपर छापून आला, डॉक्टर लोकांमध्ये बातमी पसरली, पत्रं यायला लागली, आणि इकडे देण्यासारखं हातात जवळजवळ काहीच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टोरांटोला इन्सुलिन मिळालं याचं कारण एखादी भन्नाट कल्पना हे नव्हतंच, कारण कल्पना इतरांकडेही होती. त्या एका विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राची लॅब, जीवरसायनवाला माणूस, हॉस्पिटलचा वॉर्ड आणि सिरम-लस बनवणारा चक्क एक कारखाना हे सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होतं, आणि त्यातलं एक जरी नसतं तरी हे अडकलं असतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना हे दिसत नाही. बिघडलं तेव्हा कोण कोण धावून आलं ते पाहिलं की दिसतं.

आधी कोण कुठवर पोचलं होतं

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे स्वादुपिंडातून असं काहीतरी येतं जे साखर ताब्यात ठेवतं, हे तेव्हापासून माहिती होतं. मग साहजिकच लोकांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून तो टोचून बघायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये झ्युल्झरने १९०८ च्या आसपास तो पेशंटना देऊन पाहिला, लघवीतली साखर कमी झाली पण ताप, उलट्या, झटके असे भयंकर त्रास व्हायला लागले आणि ते थांबलं. (त्यातले काही झटके साखर फार उतरल्याचे असावेत असं आज वाटतं, म्हणजे औषध चाललेलं आणि ते चाललंय हेच कळलं नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.) न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये क्लायनरने १९१९ मध्ये कुत्र्यांवर छान स्वच्छ रिझल्ट छापले, नंतर तो तिथून गेला आणि काम तिथेच राहिलं. बुखारेस्टला पाउलेस्कूने मधल्या महायुद्धाचा खंड पडूनही काम पुढे नेलं आणि १९२१ मध्ये टोरांटोच्या आधी छापलं, त्याचं नाव आजही हवं तेवढं घेतलं जात नाही.

या तिघांकडे अर्क होता, अर्काने साखर उतरते हेही दिसलं होतं. पण त्यातली घाण काढणारा, त्याची ताकद मोजणारा, तो रोज बनवणारा आणि तो वॉर्डात नीट देणारा अशी सलग माणसं कोणाच्याच मागे उभी नव्हती.

आणि तोवर पेशंटचं काय चाललं होतं? उपासमार. शब्दशः. फ्रेडरिक ॲलनचा उपाशी ठेवण्याचा डाएट हीच त्या काळातली सगळ्यात चांगली ट्रीटमेंट होती, लहान मुलांना मोजून मापून इतकं कमी खायला द्यायचं की साखर वाढणार नाही, मग ती मुलं हाडांचा सापळा होऊन काही महिने किंवा नशीब असेल तर एखाददोन वर्षं जास्त जगायची. आईबापांना हे माहिती असायचं. डॉक्टरांनाही.

माणसं कशी जमली

फ्रेडरिक बॅन्टिंग हा सर्जन, पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परत आलेला, कॅनडातल्याच लंडन नावाच्या गावात दवाखाना टाकलेला आणि तो फारसा चालत नसल्याने तिथल्या वेस्टर्न विद्यापीठात थोडंफार शिकवणारा. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री त्याने स्वादुपिंडातल्या खड्यांवरचा एक लेख वाचला आणि त्याला सुचलं की स्वादुपिंडाची नळी बांधून टाकली तर पाचक रस बनवणारा भाग सुकून जाईल, साखरेशी संबंध असलेली बेटं (म्हणजे त्या ग्रंथीतले पेशींचे छोटे पुंजके) मात्र शिल्लक राहतील, मग त्यांचा अर्क काढायचा, म्हणजे पाचक रस तो अर्क खाऊन टाकणार नाहीत. वेस्टर्नमधल्या प्राध्यापक मिलर यांनी त्याला सांगितलं की हे काम करायची सोय आपल्याकडे नाही, टोरांटोला मॅक्लाउडना जाऊन भेट. या प्रकरणात हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. एका छोट्या विद्यापीठातल्या माणसाने आपल्याकडे काय नाही हे ओळखलं आणि योग्य दार दाखवलं.

जे. जे. आर. मॅक्लाउड हे स्कॉटिश, शरीरात कर्बोदकांचं काय होतं या विषयातले जगातले जाणकार, टोरांटोला १९१८ पासून शरीरक्रियाशास्त्राचे प्रोफेसर. त्यांना बॅन्टिंगची तयारी कच्ची वाटली, आणि ती होतीच. तरी त्यांनी लॅब दिली, कुत्री दिली, आणि चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवीला बसलेला २२ वर्षांचा मुलगा मदतीला दिला ज्याला रक्तातली साखर मोजता येत होती. १७ मे १९२१ ला काम सुरू झालं, मॅक्लाउड जूनमध्ये स्कॉटलंडला गेले, ३० जुलैला पहिला अर्क कुत्र्याला टोचला आणि साखर उतरली. पुढचे महिने कुत्री, अर्क, कुत्री, अर्क.

मॅक्लाउड परत आल्यावर त्यांनी प्रयोग परत करा, कंट्रोल (अर्क न दिलेली तुलनेची कुत्री) नीट ठेवा असा आग्रह धरला आणि बॅन्टिंगला वाटलं हे आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. तिथून जी खुन्नस सुरू झाली ती शेवटपर्यंत गेली नाही. नंतरच्या लोकप्रिय गोष्टींमध्ये मॅक्लाउडना सुट्टीवर जाऊन आयतं श्रेय घेणारा खलनायक केलंय, ते मला साफ चुकीचं वाटतं. कंट्रोलशिवायचा रिझल्ट घेऊन हे लोक बाहेर गेले असते तर झ्युल्झरच्याच वाटेने गेले असते.

गंमत म्हणजे बॅन्टिंगची मूळ कल्पना पुढे लागलीच नाही. डिसेंबरपर्यंत त्यांना कळलं की नळी बांधायची, आठवडेच्या आठवडे वाट बघायची काही गरज नाही, कत्तलखान्यातून गाईबैलांचं अख्खं स्वादुपिंड आणून ते अल्कोहोलमध्ये काढलं तरी चालणारा अर्क मिळतो. एवढं होईपर्यंत मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली होती की आता हे सर्जनचं काम राहिलेलं नाही.

म्हणून जेम्स कॉलिप. अल्बर्टा विद्यापीठातला जीवरसायनवाला, २९ वर्षांचा, फेलोशिप घेऊन वर्षभरासाठी टोरांटोला आलेला. डिसेंबर १९२१ मध्ये मॅक्लाउडनी त्याला यात घेतलं आणि कामाचा वेगच बदलला. कॉलिपने कुत्री सोडून ससे घेतले. निरोगी सशाला अर्क टोचायचा आणि त्याच्या रक्तातली साखर किती उतरते ते बघायचं, म्हणजे अर्काची ताकद काही तासांत कळते, प्रत्येक वेळी कुत्र्याचं स्वादुपिंड काढत बसावं लागत नाही. साखर फार उतरली की सशाला झटके यायचे, आणि ग्लुकोज टोचलं की तो सावरायचा. बर्लिनमध्ये ज्या झटक्यांनी काम थांबवलं होतं त्याच झटक्यांचं इथे कारण कळलं आणि उताराही मिळाला. शिवाय मधुमेही कुत्र्याच्या यकृतात अर्कामुळे परत साखर साठायला लागते आणि लघवीतले किटोन (साखर वापरता येत नसल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे घातक पदार्थ) जातात हेही याच काळात दिसलं.

११ जानेवारी आणि २३ जानेवारी

लिओनार्ड थॉम्पसन, वय १४, वजन साधारण २९ किलो, डिसेंबरपासून टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये. ११ जानेवारी १९२२ ला त्याला पहिली सुई दिली, अर्क बॅन्टिंग-बेस्टनी बनवलेला, तपकिरी आणि गढूळ. रक्तातली साखर ४४० वरून ३२० वर आली, म्हणजे उतरली पण पुरेशी नाही, किटोन तसेच, आणि टोचलेल्या जागी गळू. वॉर्डातल्या डॉक्टरांनी थांबवलं. हे थांबवणंही कोणीतरी करावं लागतं, आणि ते हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी केलं, लॅबवाल्यांच्या उत्साहाला न जुमानता.

पुढच्या काही दिवसांत कॉलिपने जे केलं ते मला या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. किसलेलं स्वादुपिंड अल्कोहोलमध्ये टाकलं की बरेचसे नको असलेले प्रोटीन विरघळत नाहीत, ते गाळून काढता येतात, आणि आपल्याला हवा तो पदार्थ गाळलेल्या द्रवात राहतो. मग अल्कोहोलचं प्रमाण वाढवत न्यायचं. ८० टक्क्यांच्या आसपास आणखी घाण खाली बसते, हवा तो पदार्थ अजून विरघळलेलाच. चरबी ईथरने काढायची. आणि मग ९० टक्क्यांच्या वर कुठेतरी एक असा टप्पा येतो की तो पदार्थच साका होऊन खाली बसतो. म्हणजे आधी घाण बसवायची आणि मग नेमकी आपली वस्तू बसवायची, दोन्ही एकाच अल्कोहोलने, फक्त प्रमाण बदलून. कॉलिपला ते इन्सुलिन रासायनिकदृष्ट्या काय आहे हे माहिती नव्हतं, कोणालाच नव्हतं. तो प्रत्येक पायरीला एक थेंब सशाला टोचून विचारत होता की कुठल्या भांड्यात आहे, साक्यात का निवळीत. एवढंच.

२३ जानेवारीला लिओनार्डला कॉलिपचा अर्क द्यायला सुरुवात केली. एका दिवसात साखर ५२० वरून १२० वर. किटोन गेले. मुलगा ताजातवाना दिसायला लागला.

याच दिवसांत भांडणही पेटलं. कॉलिपने जमलंय एवढं सांगितलं, कसं जमलं ते सांगायला नकार दिला, आणि बॅन्टिंग त्याच्या अंगावर धावून गेला अशी आठवण बेस्टने नंतर सांगितलेली आहे. २५ जानेवारीला बॅन्टिंग, बेस्ट, कॉलिप आणि कॉनॉट लॅबोरेटरीज (विद्यापीठाचाच तो सिरम-लस बनवणारा कारखाना) यांच्यात लेखी ठरलं की हे काम एकत्र चालू असताना कोणी परस्पर पेटंट घेणार नाही आणि बाहेरच्या कंपनीशी सूत जुळवणार नाही. विद्यापीठाने त्या आठवड्यात हा कागद करून घेतला नसता तर ही टीम फुटलीच होती.

मग घोडं अडलं

कॉनॉट म्हणजे विद्यापीठाचीच संस्था, त्याबद्दल पुढे सांगतो. तिने पैसा दिला, मेडिकल बिल्डिंगच्या तळघरात जागा दिली, आणि कॉलिपला सांगितलं की आता मोठ्या प्रमाणावर बनव. पहिल्या काही बॅच निघाल्या. कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये मार्च १९२२ मध्ये सात पेशंटवरचा रिपोर्ट आला. आणि त्याच सुमाराला अर्क निघणं बंद झालं. तीच गुरांची स्वादुपिंडं, तेच अल्कोहोल, तोच माणूस, आणि सशाला टोचलं की काहीच होत नाही. मोठ्या भांड्यात जमेना म्हणून परत लहान भांड्यावर आला तर तिथेही जमेना.

का झालं असेल ते आज बऱ्यापैकी समजावून सांगता येतं. अल्कोहोल उडवून लावायचं काम निर्वात करून कमी तापमानात करायचं होतं, तीस डिग्रीच्या आत. लहान फ्लास्कमध्ये हे पटकन होतं. लिटरच्या लिटर घेतलं की तासन् तास लागतात, निर्वात जरा सैल पडला की तापमान चढतं, आणि ऊबेत जास्त वेळ राहिलं की ताकद जाते. अल्कोहोलचं प्रमाणही मोठ्या भांड्यात सगळीकडे सारखं राहत नाही. कत्तलखान्यातून येईपर्यंत ग्रंथी किती वेळ उघड्यावर राहिली, हाही फरक. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अर्क किती आंबट आहे, यावर साका बसणार का विरघळणार हे ठरतं, आणि त्यावर त्या वेळी कोणाचंच नीट नियंत्रण नव्हतं. जानेवारीत हे सगळं योगायोगाने जुळून आलेलं होतं. योगायोग होता हे जुळेनासं झाल्यावर कळलं.

वॉर्डात याचा अर्थ काय झाला असेल याचा विचार करा. ज्यांना सुई लागू पडली त्यांचं वजन वाढायला लागलेलं, आणि आता सांगायचं की औषध नाही, परत उपाशी राहा. गिलख्रिस्ट नावाचा बॅन्टिंगचा वर्गमित्र स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही होता, फेब्रुवारीत त्यालाही अर्काने बरं वाटलं होतं. पुढे तर तो नवीन बॅच आधी स्वतःवर टोचून बघायचा. अशी माणसं आजूबाजूला असताना त्या तळघरातल्या लोकांवर काय दडपण असेल.

आणि ३ मे १९२२ ला मॅक्लाउडनी वॉशिंग्टनला अमेरिकन फिजिशियन लोकांच्या सभेत अख्ख्या टीमच्या वतीने पेपर वाचला, सगळी सभा उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या चालू होत्या तेव्हा टोरांटोत इन्सुलिन बनत नव्हतं.

परत कसं आणलं

कोणा एकाच्या डोक्यात वीज चमकली असं काही झालं नाही. कॉलिप, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉनॉटची माणसं एकेक पायरी उलटी तपासत बसली. एका बाजूला अल्कोहोलऐवजी ॲसिटोन वापरून बघितलं. आणि निर्वात भांड्यांवर भरवसा राहिला नाही म्हणून त्यांनी सरळ ती पद्धतच सोडली. लांब उथळ ट्रेमध्ये द्रव ओतायचा आणि मोठ्या पंख्याने गरम केलेली हवा एका बोगद्यातून त्यावरून सोडायची, म्हणजे पातळ थर पटकन उडून जातो आणि उरलेला द्रव तापत नाही. तळघरात ॲसिटोनची वाफ आणि गरम हवा एकत्र, म्हणजे आग लागायची पूर्ण सोय, आजचा कुठलाही सेफ्टी ऑफिसर हे बघून दार लावून घेईल. पण मेच्या मध्यापर्यंत सशांनी परत होकार दिला. हे बघा, यात जीवशास्त्राचा नवा शोध एकही नाही. ट्रे, पंखा, हवा. तरी पेशंटपर्यंत इन्सुलिन पोचलं ते यामुळे.

यानंतर उत्पादनाची जबाबदारी बेस्टकडे आली, कॉलिपची फेलोशिप संपत आलेली. आणि विद्यापीठाने मान्य केलं की हे एकट्याने पेलणार नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या एली लिली या औषध कंपनीतले क्लोज डिसेंबरपासून मागे लागलेले होते, मॅक्लाउडनी त्यांना तेव्हा थांबवलं होतं. ३० मे १९२२ ला करार झाला आणि लगेच कॉलिप आणि बेस्ट तिकडे जाऊन पद्धत शिकवून आले. लिलीलाही पहिले काही महिने तसंच जड गेलं. मग वर्षाच्या शेवटी लिलीतल्या वॉल्डनने ओळखलं की एका विशिष्ट आम्लतेला, आजच्या भाषेत पीएच ५ च्या जरा वर, इन्सुलिन आपोआप साका होऊन बसतं, आणि तो साका आधीच्या कुठल्याही अर्कापेक्षा कितीतरी शुद्ध आणि टिकाऊ असतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने हेच स्वतंत्रपणे शोधलं होतं. मार्चमध्ये कॉलिपच्या हातून जे निसटलं होतं ते नेमकं इथे सापडलं. १९२३ मध्ये इन्सुलिन दुकानात मिळायला लागलं.

कॉनॉट कुठून आलं

आता त्या कारखान्याबद्दल, कारण विद्यापीठात असं काही असणं तेव्हाही विचित्रच होतं. १९१३ मध्ये जॉन फिट्झजेराल्ड नावाच्या डॉक्टरने टोरांटोच्या बार्टन ॲव्हेन्यूवरच्या एका घरामागच्या तबेल्यात घोडे ठेवून घटसर्पाचं सिरम बनवायला सुरुवात केली. बाहेरून येणारं सिरम इतकं महाग होतं की गरीब घरातली मुलं त्यावाचून मरत होती, आणि त्याचं म्हणणं होतं की हे आपण बनवून स्वस्तात द्यायचं. १९१४ मध्ये विद्यापीठाने ते आपल्या छताखाली घेतलं, महायुद्धात तिथून सैनिकांसाठी धनुर्वाताचं सिरम गेलं, १९१७ मध्ये मोठी जागा आणि कॉनॉट हे नाव मिळालं.

विद्यापीठाने औषध बनवून विकावं का हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि शुद्ध संशोधन मानणाऱ्यांना हा धंदा वाटणारच. पण १९२२ मध्ये त्यामुळे काय झालं बघा. जैविक पदार्थ बॅचमध्ये बनवायचा, निर्जंतुक करायचा, प्रत्येक बॅचची ताकद प्राण्यावर तपासून बाटलीवर लिहायची, हे सगळं रोजचं काम असलेली माणसं त्याच आवारात होती. बॅन्टिंगला ते येत नव्हतं. मॅक्लाउडनाही नाही. कॉलिप हुशार होता पण एकावेळी एका फ्लास्कचा हुशार.

ससा तर पुढे जगाचं माप झाला. इन्सुलिनचं पहिलं युनिट म्हणजे चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची साखर चार तासांत झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणारं प्रमाण. नंतर ते माणसांना सोयीचं व्हावं म्हणून लहान केलं. हे ठरलं नसतं तर एका कारखान्याच्या बाटलीतले दहा थेंब म्हणजे दुसऱ्याच्या बाटलीतले किती हे कोणालाच कळलं नसतं, आणि या औषधात जास्त झालं तर माणूस तासाभरात बेशुद्ध पडतो.

पेटंटचंही तसंच. बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिपने आपले हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. एका डॉलरवर सगळे थांबतात, पण माझ्या मते त्यापुढचं काम जास्त मोलाचं आहे. विद्यापीठाने इन्सुलिन कमिटी नेमली आणि पेटंटचा उपयोग पैसे कमवायला न करता दर्जा राखायला केला, म्हणजे कोणीही उठून गढूळ अर्क बाटलीत भरून इन्सुलिन म्हणून विकू नये. ब्रिटनचे हक्क तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलला दिले, त्यांच्याकडून हेन्री डेल स्वतः टोरांटोला येऊन बघून गेले. डेन्मार्कहून शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आले, त्यांची बायको मारी स्वतः डॉक्टर आणि मधुमेही होती, परत जाऊन त्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिन बनवणारी नॉर्डिस्क ही लॅब उभी केली.

आणि एवढ्या धावपळीतही मॅक्लाउड १९२२ च्या उन्हाळ्यात अटलांटिकच्या किनाऱ्यावर मासे चिरत बसले होते. काही माशांमध्ये साखरेवाली बेटं आणि पाचक रसाचा भाग निसर्गतःच वेगवेगळे असतात, त्यामुळे इन्सुलिन नेमकं बेटांमधूनच येतं हे तिथे स्वच्छ दाखवता आलं. बॅन्टिंग नळ्या बांधून जे सिद्ध करायला निघाला होता ते शेवटी माशांनी केलं. पेशंट रांगेत असताना मासे कशाला, असं कोणी म्हणू शकतं. मला वाटतं विद्यापीठ असंच असायला हवं, एका मजल्यावर ॲसिटोनचे ट्रे आणि दुसरा माणूस समुद्रावर.

श्रेयाचं काय

१९२३ चं नोबेल बॅन्टिंग आणि मॅक्लाउडना. बॅन्टिंग चिडला, त्याने आपले अर्धे पैसे बेस्टला दिले, मग मॅक्लाउडनी आपले अर्धे कॉलिपला. लोकांच्या लक्षात बॅन्टिंग-बेस्ट ही जोडी राहिली. मला विचाराल तर नोबेल समितीने चुकीची माणसं निवडली नाहीत, पण कॉलिपला वगळलं ही मोठी चूक होती, आणि फिट्झजेराल्डचं तर नावही निघत नाही.

पेशंटपैकी लिओनार्ड १९३५ पर्यंत जगला, न्यूमोनियाने गेला. एलिझाबेथ ह्यूज, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला आली तेव्हा १५ व्या वाढदिवसाला आलेल्या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास होतं. ती १९८१ पर्यंत जगली. मेमध्ये ते ट्रे चालले नसते तर ऑगस्टमध्ये तिच्यासाठी टोरांटोला काहीही नव्हतं.

कॉनॉट पुढे पोलिओच्या लसीपर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये विद्यापीठाने ते विकलं. कॉलिप १९२२ च्या उन्हाळ्यात एडमंटनला आपल्या जुन्या नोकरीवर परतला आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या मागे लागला. १९२५ मध्ये त्याने त्यांचा चालणारा अर्क छापला, आणि त्यासोबत मोजमापही दिलं: कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शियम किती वाढतं त्यावरून ठरवलेलं युनिट. बरीच वर्षं ते त्याच्याच नावाने वापरात होतं.